संडे स्कूलमधला दगड : बेळगावातल्या एका मराठी मंडळीचं प्रकरण

आधीच सांगते, यातली माणसं खरी आहेत पण नाव कुणाचंच नाही, चर्चचं पण नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन बारीक गोष्टी बदलल्यात. तरी ज्यांना कळायचं त्यांना कळणारच, बेळगाव केवढंसं. जिच्याबद्दल हे आहे तिला अगोदर वाचून दाखवलं, ती म्हणाली, "घाल की अक्का, फक्त मला बिचारी करू नको." तेवढं सांभाळलंय.

मी स्वतः एका पीयू (अकरावी-बारावी) कॉलेजला कॉमर्स शिकवते, म्हणजे दगडातलं मला काही कळत नाही आणि ईश्वरविज्ञानातलं पण नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे आणि तरुण संघाचं बघते, एवढाच या प्रकरणाशी संबंध, आणि अर्धी चूक माझी आहे म्हणून लिहितेय.

पार्श्वभूमी

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मराठी. एकाच कंपाउंडमध्ये रविवारी तीन उपासना होतात, सकाळी कन्नड, मग आमची, संध्याकाळी इंग्लिश. आमची सगळ्यात लहान, साठेक घरं, त्यातली निम्मी खानापूर आणि निपाणीकडनं आलेली. पोरं कन्नड शिकतात, डिग्री इंग्लिशमधनं करतात, घरी मराठी बोलतात, आणि मोबाईलवर हिंदी बघतात. हे चार भाषांचं गणित लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे लोक आले १८२० ला, पुढं १९०४ ला ते काम मेथडिस्टांकडं गेलं, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली. 'यमुनापर्यटन' कादंबरीवाले बाबा पदमनजी इथलेच, जन्म १८३१ चा, मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ ला इथंच बाप्तिस्मा घेतला. कॉलेज शिकलेलं पोरगं, पुस्तकं वाचून डोक्यात वादळ, घरच्यांशी भांडण, हे या गावाला नवीन नाही. फक्त तेव्हा शिकून पोरगं चर्चमध्ये यायचं आणि आता शिकलं की बाहेर जातं असं आमच्या वडीलधाऱ्यांना वाटतं. ते पूर्ण खोटं पण नाही, तरुण संघात दहावीपर्यंत पंचवीस पोरं असतात आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत सात-आठ उरतात.

त्या सात-आठांतली एक म्हणजे आमची धाकटी टीचर. संडे स्कूलला दोन टीचर, एक रिटायर्ड बाई त्या मोठ्या टीचर आणि ही धाकटी. (जुनी माणसं अजून शब्बाथ शाळा म्हणतात, पोरं संडे स्कूल.) वडिलांचं गॅरेजमध्ये काम, आई अंगणवाडीत. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयू सायन्स इंग्लिशमधनं, पहिलं सहा महिने रडून काढलेलं, मग बीएस्सीला जिऑलॉजी घेतली. जिऑलॉजी का, तर सीट होती. पण घेतल्यावर अशी रमली की बसस्टॉपवर उभी असली तरी रस्त्याकडेची खडी उचलून बघत बसायची, खडी कुठल्या खाणीची ते सांगायची.

जे मी ऐकलं नाही

जूनमध्ये भडका उडाला पण सुरुवात फेब्रुवारीची. तरुण संघाची मीटिंग संपवून खुर्च्या लावत होतो तेव्हा ती म्हणाली, "अक्का, सर आज डेक्कन ट्रॅप, तो लाव्हाचा काळा दगड, शिकवलेत. साडेसहा कोटी वर्षं. आपलं घर त्याच्यावरच आहे. मग आदामाला कुठं बसवायचं ओ?" हसत म्हणाली. मी पण हसले आणि म्हणाले, "परीक्षा होऊ दे, मग बोलू."

परीक्षा झाली. बोललो नाही. तिनं परत विचारलं नाही आणि मला वाटलं प्रश्न मिटला. आता विचार केला की वाटतं, ती हसत विचारत होती ते मी गंमत म्हणून घेतलं, पण असला प्रश्न आमच्याकडची पोरगी दुसऱ्या कुठल्या तोंडानं विचारणार होती? गंभीर चेहरा करून विचारला असता तर लगेच कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली असती.

नेमकं काय झालं

जूनचा एक रविवार, बाहेर पाऊस. दहा-बारा वर्षांच्या पोरांचा वर्ग, धडा बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय, देवानं सहा दिवसांत जग केलं तो. एका पोरानं विचारलं, "टीचर, सूर्य चौथ्या दिवशी केला ना, मग पहिले तीन दिवस कशावरनं मोजले?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न ओरिजेन आणि ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांनी दीड हजारावर वर्षांपूर्वीच विचारलाय, पण आमच्या वर्गात हे कुणाला माहीत. धाकट्या टीचरनं काय केलं, तर बॅगेतनं एक दगड काढला. गोकाककडनं आणलेला वाळूचा दगड, त्यावर लाटांच्या खुणा, ओढ्याच्या कडेला वाळूवर पाणी जाऊन जाऊन उमटतात ना तशा. पोरांच्या हातात दिला आणि म्हणाली, ही कधीकाळी उथळ पाण्याखालची वाळू होती, त्याचा दगड व्हायला कोट्यवधी वर्षं लागलीत, पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे, म्हणून बायबलमधला दिवस आपल्या घड्याळातला नसेल, देवाचा असेल. पोरं खूश. दगड सगळ्यांनी हाताळला, एकानं चाटून पण बघितला.

घरी गेल्यावर त्यातल्या एका पोरीनं आईला सांगितलं, "टीचर म्हणाली बायबलमधलं खोटं आहे."

तसं ती म्हणाली नव्हती. पण दहा वर्षांच्या पोरीनं जेवता जेवता सांगायचं म्हटल्यावर एवढंच उरतं. आईनं मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली, दोन मिनिटं चाळीस सेकंद, त्यातलं शेवटचं अर्धं मिनिट रडणं. त्याच्यानंतर सुरू झाले फॉरवर्ड. हिंदीत डब केलेले अमेरिकन व्हिडिओ, डायनासोर आणि माणूस एकत्र, जलप्रलयात सगळे थर एका वर्षात तयार झाले वगैरे. कॉलेजला पोरं पाठवायची म्हणजे लांडग्यांच्या कळपात कोकरू सोडायचं, असं एका काकांनी लिहिलं, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा इंजिनियरिंगला आहे. रात्री अकरापर्यंत शंभरावर मेसेज झाले आणि त्या सगळ्यांत धाकट्या टीचरला उद्देशून एकही नव्हता. ती ग्रुपवर होती, सगळं वाचत होती.

इथं एक गोष्ट सांगते जी मला त्यानंतर आमच्या पाळकसाहेबांकडनं (पास्टरांकडनं) कळली. पृथ्वी सहा हजार वर्षांची हा हिशोब आर्चबिशप अशर यांचा, १६५० चा, त्यांनी वंशावळ्या जोडत जाऊन इसवीसनपूर्व ४००४ काढलं, आणि पुढं इंग्लिश बायबलच्या समासात तारखा छापून यायला लागल्या म्हणून लोकांना तो बायबलचाच भाग वाटायला लागला. आणि थर सगळे जलप्रलयाचे हे जे जोरात आलं ते १९६१ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकानंतर. म्हणजे आमचे काका ज्याला बापजाद्यांचा विश्वास म्हणून लढत होते तो त्यांच्या बापापेक्षा वयानं लहान निघाला. आमच्या इथल्या जुन्या मिशनऱ्यांनी मराठी पोरांना खगोल, भूगोल, वाफेचं इंजिन हे सगळं पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, बरोबरीनं शिकवलं होतं. 'ज्ञानोदय' १८४२ ला अहमदनगरला सुरू झालं तेव्हा त्यात धर्म आणि विज्ञान एकाच अंकात, एकाच मराठीत यायचं. ते मराठी आमच्याकडनं कधी सुटलं कुणास ठाऊक.

कमिटीची मीटिंग

मंगळवारी संध्याकाळी नऊजण बसलो. चहा, बिस्किट, प्रार्थना, आणि मग दीड तास.

पहिलं मत, तिला काढा. बोलणारे वाईट माणूस नव्हते, त्यांचं म्हणणं एवढंच की आईबाप पोरं आपल्या भरवशावर पाठवतात, टीचरनं तिथं स्वतःचं कॉलेज आणू नये. याच्यात दम आहे असं मला आज पण वाटतं. दहा वर्षांचं पोर हे ४५४ कोटी ऐकायला घरनं तयार होऊन आलेलं नसतं, आणि आईला न सांगता ते त्याच्या हातात देणं म्हणजे आईला आपल्याच पोरासमोर अडाणी ठरवणं. ती व्हॉइस नोटवाली आई सातवी शिकलेली. ती रडली ती विज्ञानासाठी नाही रडली.

दुसरं मत, माफी लिहून घ्या आणि छापील धडा सोडून बोलायचं नाही अशी अट घाला. यात काढल्याचं पाप लागत नाही आणि ग्रुप शांत होतो. नऊतले पाच इकडं झुकले.

तिसरं, काहीच करू नका, पावसाळा आहे, लोक विसरतील. हे बोलणारे आमचे खजिनदार, त्यांचा सगळ्या प्रश्नांवर हाच उपाय असतो आणि अर्ध्या वेळा बरोबर निघतो.

चौथं, बाहेरनं कुणी वक्ता बोलवा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. बेंगळुरूचा कुणी झूमवर येईल पण इंग्लिश बोलेल. कॅम्पमधल्या कॅथलिक फादरना बोलवू म्हटल्यावर दोन चेहरे पडले. (मी म्हणाले, बिग बँगची कल्पना पहिल्यांदा मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होता, वाटाण्यावर प्रयोग करणारा मेंडेल मठातला, त्यांना तरी विचारू. कुणी हसलं नाही.) तिच्या कॉलेजातच जाहीर कार्यक्रम घेऊ असं एका तरुणानं सुचवलं तर सगळे एकदम नको म्हणाले, आणि ती भीती उगीच नव्हती. डिसेंबर २०२१ ला धर्मांतरविरोधी बिल विधानसभेत पास झालं ते इथंच, आमच्या सुवर्ण विधानसौधात, आणि तेव्हापासनं चर्चच्या माणसानं कॉलेजच्या गेटवर पत्रक धरलं तरी आमच्या पोटात गोळा येतो. आम्ही घरातलं भांडण घरात ठेवायचं ठरवलं त्याला हे एक मोठं कारण.

मध्येच एक काका म्हणाले की ते कार्बन डेटिंग सगळं चुकतं, व्हिडिओत दाखवलंय. कुणालाच उत्तर देता आलं नाही. नऊ शिकलेली माणसं, दोघं ग्रॅज्युएट, एक मी लेक्चरर, आणि ज्या एकटीला उत्तर माहीत होतं ती घरी बसलेली. आम्ही तिला बोलावलंच नव्हतं. त्या क्षणी मला ते खटकलं आणि मी बोलले नाही, हा माझा दुसरा गुन्हा.

ठरलं काय, तर तिला एक महिना "विश्रांती". माफी नाही, काढणं नाही, विश्रांती. सगळ्यांना बरं वाटलं. सांगायचं काम माझ्याकडं.

फोन

मी फोन केला आणि परीक्षेचा अभ्यास असेल ना, जरा आराम कर वगैरे सुरू केलं. ती म्हणाली, "अक्का, मी काय चूक केलो ते सांग. मी खोटं सांगितलो काय?" आमच्या बेळगावकडं मुली पण केलो-सांगितलो म्हणतात, तशी ती बोलते. मी म्हणाले खोटं नाही पण जागा चुकली. ती थोडी थांबून म्हणाली, "जागा कुठली मग? फेब्रुवारीत तुला विचारलो होतो."

याच्यावर माझ्याकडं काही नव्हतं.

दोन रविवार ती उपासनेला पण आली नाही. तिचे वडील आले, मागच्या बाकावर बसले, सलाम करून निघून गेले.

पाळकसाहेबांची वही

हे सगळं बदललं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि कुठल्या ठरावानं नाही. पाळकसाहेब तिच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. मला वाटलं समजावणार. ते बसले, चहा घेतला आणि पिशवीतनं एक जुनी वही काढली, बीडीला (पाळक व्हायच्या डिग्रीला) असतानाची, सेमिनरीतली. त्यात त्यांच्याच अक्षरात उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायांची तुलना. पहिल्यात झाडं, प्राणी आणि मग माणूस, दुसऱ्यात माणूस आधी आणि मग झाडं, प्राणी. हिब्रूतल्या 'योम' म्हणजे दिवस या शब्दावर टिपण. ऑगस्टिननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं, की ख्रिस्ती माणसानं आकाश-पृथ्वीबद्दल चुकीचं काहीतरी पवित्र शास्त्राच्या नावावर ठोकून द्यायचं आणि जाणकार बाहेरच्यानं ते ऐकून हसायचं ही लाजेची गोष्ट आहे, अशा अर्थाचं.

ती वही बघून म्हणाली, "तुम्हाला हे माहीत होतं?"

ते म्हणाले, "वीस वर्षांपासनं."

"मग कधी सांगितला नाहीत?"

पाळकसाहेबांनी जे उत्तर दिलं ते मी तसंच देते, कारण मला वाटतं सगळं प्रकरण त्यात आहे. ते म्हणाले, सेमिनरीत हे इंग्लिशमध्ये शिकलो, इथं आलो तेव्हा मराठीत कसं सांगायचं कळेना, आणि पहिल्याच वर्षी जरासं बोललो तर एका वडिलांनी खुर्ची मागं सरकवली, त्या आवाजानं गप्प झालो ते गप्पच. धाकटी टीचर म्हणाली तिचं पण तेच, मेटामॉर्फिझम म्हणजे काय ते तिला इंग्लिशमध्ये येतं, देव म्हणजे काय ते मराठीत येतं, आणि दोन्ही एका वाक्यात आणायला गेलं की जीभ अडखळते, म्हणून दगड काढला.

मी मध्ये बसून ऐकत होते. एकाच मंडळीत दोघं, दोघांनाही अर्धं अर्धं माहीत, दर रविवारी एकमेकांना सलाम करतात, आणि बोलणं पहिल्यांदा होतंय ते कमिटीनं विश्रांती दिल्यावर.

मग काय केलं

तीन शनिवार संध्याकाळी बसायचं ठरलं, मोठ्यांसाठी, पोरांसाठी नाही. व्याख्यान नको, वक्ता नको. पाळकसाहेब उत्पत्ती वाचणार, धाकटी टीचर दगडाचं सांगणार, आणि एकच अट, मराठीत. शब्द नसला तर सगळ्यांनी मिळून शोधायचा. व्हॉइस नोटवाल्या आईला मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. ती म्हणाली मला काय कळतंय त्यातलं, मी म्हणाले मला पण नाही कळत, चल.

पहिल्या शनिवारी अकरा माणसं. कार्बनवाले काका आले. टीचरनं सांगितलं की काका, कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणून त्यानं पन्नास हजार वर्षांच्या पलीकडं मोजताच येत नाही, दगडासाठी ते वापरतच नाहीत, दगडाला युरेनियम आणि शिसं बघतात, युरेनियम-२३८ निम्मं व्हायला साधारण ४४७ कोटी वर्षं लागतात. सोनाराचा काटा घेऊन उसाची ट्रॉली मोजायला जाऊ नये, तसं. काकांचा ऊस आहे, त्यांना ते पटलं, म्हणजे पृथ्वीचं वय नाही पटलं, काटा पटला. अर्धायुष्य शब्दावर वीस मिनिटं गेली, शेवटी व्याजाच्या उलटं असं मी कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगितलं तेव्हा जरा हललं.

दुसऱ्या शनिवारी वादावादी झाली. एक ताई म्हणाल्या की आज दिवस खरा नाही म्हणता, उद्या येशूचं पुनरुत्थान खरं नाही म्हणाल, मग राहिलं काय? हा प्रश्न सगळ्यात खरा होता आणि पाळकसाहेबांनी तो टाळला नाही. त्यांचं म्हणणं असं की पवित्र शास्त्रात इतिहास सांगणारं लिखाण आहे, स्तोत्र आहे, दाखला म्हणजे बोधकथा आहे, शुभवर्तमान (येशूचं चरित्र) लिहिणारे साक्षीदारांची नावं घेऊन लिहितात, उत्पत्तीचा पहिला अध्याय तसा नाही, तो उपासनेसारखा तालात जातो, संध्याकाळ झाली सकाळ झाली. ताईंचं समाधान झालं नाही. त्या तिसऱ्या शनिवारी आल्या नाहीत.

मी त्या दिवशी पंडिता रमाबाईंचं काढलं. त्यांनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्या सिस्टरांशी पत्रातनं वाद घातला, हे मत मला पटत नाही, ते का मानू, असं सरळ. त्यांचं नाव आपण महिला मेळाव्यात बॅनरवर घालतो, पण तसली मुलगी आपल्या संडे स्कूलमध्ये आली की तिला विश्रांती देतो. हे जरा जास्त झालं बहुतेक, खजिनदार माझ्याकडं बघतच राहिले.

तिसरा शनिवार गोकाकला. टेम्पो ट्रॅव्हलर, चौदा माणसं, पोरं पण, कारण आया येणार म्हटल्यावर पोरं आलीच. टीचरच्या ओळखीचे एक रिटायर्ड जिऑलॉजीचे सर आले, लिंगायत, आधीच म्हणाले, "तुमचं बायबल तुम्ही बघून घ्या, मी दगडाचं तेवढं सांगतो." ऑगस्टचा घटप्रभेचा लोंढा, बोलणं ऐकू येईना. सरांनी धबधब्यापासनं जरा लांब नेऊन थर दाखवले, हा कलादगीकडचा वाळूचा दगड आडव्या पानांसारखा, आणि तुमच्या बेळगावकडचा काळा बेसाल्ट याच्या किती नंतरचा, लाव्हा येऊन पसरला तेव्हा ही वाळू कधीचीच दगड होऊन बसली होती. लाटांच्या खुणा पोरांनीच शोधल्या. व्हॉइस नोटवाल्या आईनं त्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमच्या गावच्या ओढ्याला असंच येतंय की." मग बराच वेळ काही बोलली नाही. परत येताना सगळ्यांनी करदंट घेतला.

शेवटी काय झालं

सगळं गोड झालं असं नाही. दोन घरं दुसऱ्या फेलोशिपला, म्हणजे दुसऱ्या मंडळीत, गेली, त्यातलं एक त्या ताईंचं. ग्रुपवर फॉरवर्ड अजून येतात, फक्त आता खाली कुणीतरी काटा आणि ऊस असं लिहितं. पाळकसाहेबांनी सप्टेंबरमध्ये उत्पत्तीवर चार उपदेश केले, पहिल्या वेळी कागद हातात थरथरत होता. खुर्ची कुणी सरकवली नाही.

व्हॉइस नोटवाल्या आईनं टीचरला घरी जेवायला बोलावलं. काय बोलणं झालं दोघींनी सांगितलं नाही.

धाकटी टीचर संडे स्कूलला परत आली नाही. आम्ही बोलावलं, कमिटीनं रीतसर पत्र दिलं, ती म्हणाली तरुण संघाला येतो पण वर्ग नको, भीती बसली, आता प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी कुणाची आई बसलीय ते बघेन. पुढच्या वर्षी एमएस्सीला धारवाडला गेली. तिथं चर्चला जाते का मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. नाताळला आली तेव्हा कॅरलला सगळ्या गल्ल्या फिरली, थंडीनं घसा बसेपर्यंत.

आता परत केलं तर

फेब्रुवारीत त्याच दिवशी खुर्च्या ठेवून खाली बसले असते. उत्तर माझ्याकडं नव्हतं, पण पाळकसाहेबांचा नंबर होता, आणि ती वही तेव्हा पण त्यांच्या कपाटात होती.

मीटिंगला तिला बोलावलं असतं. एखाद्याबद्दल ठरवताना त्याला बाहेर ठेवणं हे आमच्याकडं शिष्टाचार म्हणून चालतं, त्याला संकोच नको म्हणून. संकोच आम्हालाच असतो.

मोठ्यांचे शनिवार पोरांच्या धड्याच्या आधी घेतले असते. टीचरचं चुकलं असेल तर एवढंच, आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, संडे स्कूलच्या टीचरला आम्ही खडू आणि चार्ट सोडून काय देतो? ट्रेनिंग म्हणून जे होतं त्यात गाणी आणि हस्तकला. डिग्रीला गेलेली पोरं आमच्याकडं शिकवतात, पण त्यांच्या डिग्रीत काय चाललंय हे आम्ही कधी विचारत नाही.

विश्रांती हा शब्द वापरला नसता. काढायचं असेल तर काढा म्हणून सांगायचं, ठेवायचं तर ठेवायचं.

वक्ता बोलवला नाही हे मात्र बरोबर झालं असं मी अजून म्हणते, पाळकसाहेबांचं मत वेगळं आहे, त्यांना वाटतं फादर आले असते तर त्यांच्यावरचा भार कमी झाला असता, आणि त्या ताई कदाचित थांबल्या असत्या, किंवा महिनाभर आधीच गेल्या असत्या.

सूर्याचा प्रश्न विचारणारा पोरगा आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात त्यानं नवीन काढलं, नोहाच्या तारवात मासे घेतले होते का. मी ते धारवाडला पाठवलं, तिनं चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, मराठीत, मध्ये दोनदा हसलीय. ती वर्गात लावायची की नाही हे कमिटीच्या अजेंड्यावर आहे, दोन मीटिंगा झाल्या, खजिनदार म्हणतात पावसाळा जाऊ दे.